गुलाब चक्रीवादळ

गुलाब हे सप्टेंबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले चक्रीवादळ होते. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर त्याचा जोर ओसरला. मात्र त्याच्या अवशेषांमुळे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बीड जिल्ह्यासह मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन पूर आला. ‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने सुचवले होते.

मार्ग

२६ सप्टेंबर रोजी सायंकाळी हे वादळ कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. चक्रीवादळाला उबदार समुद्रावरील बाष्पातून ऊर्जा मिळते. जमिनीवर हा पुरवठा तुटल्याने वारे मंदावतात, परंतु सोबत आलेले बाष्प पावसाच्या रूपाने कोसळत राहते. गुलाबचे अवशेष तेलंगणा, विदर्भ व मराठवाड्यावरून पुढे अरबी समुद्रात गेले. तेथे त्यांचे शाहीन चक्रीवादळात रूपांतर झाले व ते ३ ऑक्टोबर रोजी ओमानच्या किनाऱ्यावर धडकले.

बीड जिल्ह्यातील परिणाम

केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे २८ सप्टेंबर रोजी उघडावे लागले. नदीकाठच्या गावांत पाणी शिरले आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. हेच धरण कोरडे पडल्याने २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते.

पूर्वीची वादळे

फयान (नोव्हेंबर २००९) व निसर्ग (जून २०२०) ही वादळे अरबी समुद्रातून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आली. निसर्ग वादळाच्या वाऱ्यांनी रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील घरे आणि नारळ-सुपारीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. मराठवाड्यात गुलाबमुळे झालेली हानी मात्र मुख्यतः पावसाची व पुराची होती.