घर हेच कार्यालय : घरून काम करणाऱ्यांना हवा समाजाचा आधार

नागपूर शहराच्या दक्षिणेस असलेले बेसा हे गाव एके काळी शेतीवाडीचे म्हणून ओळखले जात असे. मनीषनगर, बेलतरोडी, घोगली या बाजूंनी शहर वाढत आले आणि शेतांच्या जागी सदनिकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ग्रामपंचायतीचे हे गाव आज बेसा-पिपळा नगरपंचायतीचा भाग आहे. जवळच मिहान प्रकल्प असून तेथे टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांसारख्या संगणक क्षेत्रातील कंपन्यांची केंद्रे आहेत. त्यामुळे या परिसरात संगणकावर काम करणाऱ्या तरुण कुटुंबांनी मोठ्या प्रमाणावर घरे घेतली. यांपैकी कित्येकांचे कार्यालय आज घरातच आहे. बाहेरून पाहणाऱ्यास हे काम सुखाचे वाटते. त्यातील अडचणी मात्र घराच्या भिंतीआड राहतात.

जुनीच पद्धत, नवे रूप

घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणे विदर्भाला नवे नाही. कामठी, भंडारा, गोंदिया भागातील बिडी कामगार स्त्रिया पिढ्यान् पिढ्या घरीच बिड्या वळीत आल्या आहेत. पाने आणि तंबाखू घरी यायचा आणि तयार बिड्या कारखानदाराकडे जायच्या. काम विखुरलेले असल्याने गाऱ्हाणे कोणाकडे मांडावे, हा प्रश्न या स्त्रियांपुढे नेहमीच राहिला. त्यांना संरक्षण देण्यासाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा करावा लागला. या इतिहासाचा धडा स्पष्ट आहे : काम घरात गेले की कामगार एकटा पडतो आणि त्याच्या अडचणी नजरेआड होतात.

संगणकावरील घरकामाला खरी चालना मिळाली ती मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने सेवा केंद्रांवरील जाचक अटी काढून घरून काम करण्याचा मार्ग सुकर केला. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राच्या नियमांत ४३-अ हा नियम घालण्यात आला. त्यान्वये एका घटकातील जास्तीत जास्त ५० टक्के कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम करण्याची मुभा मिळाली आणि त्यासाठी लागणारी उपकरणे व सुरक्षित जोडणी घटकाने पुरवावी, असे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही मर्यादा आणखी शिथिल करण्यात आली.

घड्याळाचा पेच

या कामातील सर्वांत अवघड बाब म्हणजे वेळ. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा बेशात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेसात. अमेरिकेतील ग्राहकासाठी काम करणाऱ्या स्त्रीची कामाची वेळ नेमकी स्वयंपाकाच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळेवर येते. ती घरात असते, म्हणून ती मोकळी आहे असे घरचे गृहीत धरतात. ती ‘ऑनलाइन’ दिसते, म्हणून ती उपलब्ध आहे असे वरिष्ठ गृहीत धरतात. या दुहेरी गृहीतकाच्या ओढाताणीत अनेकींपुढे नोकरी सोडण्याचाच मार्ग उरतो. शिकलेल्या मुलीचे उत्पन्न असे थांबणे ही केवळ एका घराची हानी नव्हे.

रात्रपाळी करणाऱ्याची झोप दिवसा होते. त्याच वेळी वसाहतीत बांधकामाची यंत्रे, विक्रेत्यांचे भोंगे आणि समारंभांचे ध्वनिक्षेपक सुरू असतात. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हे नियम प्रत्यक्षात पाळले गेले, तर आजारी माणसे आणि परीक्षार्थी यांच्याबरोबरच या कर्मचाऱ्यांनाही दिलासा मिळेल.

वीज, ऊन आणि शरीर

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कार्यालयातील वातानुकूलित जागा घरी नसते; कूलर लावला तर त्याच्या आवाजात बैठकीतील बोलणे ऐकू येत नाही. वादळी पावसात वीज गेली की काम थांबते आणि त्याचा खुलासा कर्मचाऱ्यालाच द्यावा लागतो. यावर साधा उपाय आहे. राउटर, लॅपटॉप आणि एक पंखा मिळून साधारण दीडशे वॉट वीज लागते. दीडशे अॅम्पिअर-तासाची चांगल्या स्थितीतील बॅटरी असलेला इन्व्हर्टर एवढा भार पाच-सहा तास सहज पेलतो. मात्र त्यावर कूलर जोडू नये.

पलंगावर किंवा जमिनीवर बसून आठ-आठ तास काम केल्याने मान, पाठ व मनगटे दुखू लागतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर असावी, पाठीला आधार असावा व पावले जमिनीवर टेकलेली असावीत. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहिल्यास डोळ्यांचा ताण हलका होतो.

एकटेपणाचे ओझे

कार्यालयात चहाच्या वेळी सहज विचारपूस होते. नवशिका कर्मचारी शेजारच्या अनुभवी सहकाऱ्याकडे पाहून शिकतो. घरी हे दोन्ही हरवते. दिवसचे दिवस कोणाशी मोकळे बोलणे नाही, चूक झाली तर सावरणारे जवळ कोणी नाही, अशा स्थितीत चिडचिड, निद्रानाश आणि उदासी यांची सुरुवात होते. वरिष्ठांनी केवळ कामाची मोजदाद न करता आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे, कामाच्या वेळेनंतर निरोप पाठवू नयेत आणि नवख्यास जाणत्याची जोड द्यावी. मानसिक ताण असह्य झाल्यास केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

कायद्याचे कवच

काम घरी आले म्हणून नोकरीचे हक्क संपत नाहीत. २०१७ मधील दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात, कामाचे स्वरूप तसे असल्यास, रजेनंतरही परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद झाली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात कामाचे ठिकाण या संज्ञेत राहते घरही येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरकामाविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. घरी काम करणाऱ्यास इतर वेतनी कामगारांप्रमाणेच वागणूक मिळावी, हे त्याचे सूत्र आहे. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नसला, तरी ते सूत्र मार्गदर्शक ठरावे असेच आहे.

गावाने काय करावे?

या प्रश्नात स्थानिक संस्थांनाही मोठे काम आहे. वाचनालयाच्या किंवा समाजमंदिराच्या एका खोलीत टेबल-खुर्च्या, इंटरनेट आणि विजेची पर्यायी सोय केली, तर लहान घरातील कर्मचाऱ्यास शांत जागा आणि चार माणसांची सोबत मिळेल. परीक्षांच्या तयारीसाठी असलेल्या अभ्यासिकांचा अनुभव गावोगावी आहेच. केबल टाकण्यासाठी रस्ते खोदण्याच्या आणि वीजदुरुस्तीच्या वेळा आधी जाहीर केल्या, तरी निम्मा त्रास वाचेल. बालवाडी किंवा पाळणाघर जवळ असेल, तर कित्येक मातांची नोकरी टिकेल.

शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. आई किंवा वडील घरी आहेत म्हणून त्यांना कोणत्याही वेळी शाळेत बोलावणे योग्य नाही. पालकसभेची वेळ त्यांच्या सोयीने ठरवावी. घरातील कामाची वेळ पाळणे म्हणजे आईवडिलांच्या श्रमाचा मान राखणे, हे मुलांना वर्गात समजावून सांगता येईल.

बिडी कामगार स्त्रियांच्या श्रमाकडे समाजाचे लक्ष जाण्यास फार काळ लागला. संगणकापुढे बसलेल्या या नव्या घरकामगारांच्या बाबतीत तसा विलंब होऊ नये. बंद दाराआड चाललेले काम हेही कामच आहे, एवढी जाणीव कुटुंबात, शाळेत आणि पंचायतीत रुजली, तर आधाराचे निम्मे कार्य साधेल.