कारखाने बदलतात, जागा बदलत नाही

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर थेम्स आणि मेडवे या दोन नद्यांच्या खाड्यांमध्ये जमिनीची एक जीभ समुद्रात शिरली आहे. तिच्या टोकाला केंटमधला आयल ऑफ ग्रेन हा पॅरिश आहे. म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखा एक छोटा इलाखा. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती १,६४८. गावाकडे जाणारा मुख्य रस्ता एकच. तरीही परदेशी वायू उतरवणारं अवाढव्य टर्मिनल, मोठं वीज केंद्र आणि नेदरलँड्सहून आलेली समुद्राखालची वीजवाहिनी, हे सारं इथेच आहे.

याचं कारण जमिनीच्या घडणीत आहे. गाव मातीच्या एका लहानशा उंचवट्यावर वसलेलं आहे. भोवतालची जमीन म्हणजे भरतीच्या पाण्याने शतकानुशतकं आणून टाकलेला गाळ. एकेकाळी यांटलेट खाडी या भागाला मुख्य भूमीपासून तोडत असे. ती गाळाने भरत गेली आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. लोकांनी बांध घालून खाजणं कोरडी केली आणि त्यांत मेंढ्या चारल्या. पण मचूळ पाण्यात वाढणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस डासांमुळे हिवताप पाचवीला पुजलेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास परदेशांतील आघाड्यांवरून परतलेल्या सैनिकांमुळे तो या दलदलीत पुन्हा पसरला होता. असल्या ओलसर, रोगट जागी गर्दी झाली नाही आणि जमीन मोकळी राहिली.

मोकळ्या जमिनीला दक्षिणेकडे मेडवेच्या मुखाशी खोल पाण्याची जोड मिळाली. उत्तरेकडे थेम्सच्या बाजूला ओहोटीत लांबच लांब चिखल उघडा पडतो. तिथे मोठं जहाज लागणं कठीण. म्हणून उद्योग दक्षिणेला आले. १८८२मध्ये रेल्वे इथल्या पोर्ट व्हिक्टोरिया धक्क्यापर्यंत पोचली. पुढे ती जागा तेलशुद्धीकरण कारखान्याने गिळली. पुढे बीपी म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीचा हा कारखाना १९५३मध्ये सुरू झाला आणि १९८२मध्ये बंद पडला. त्याच्या जमिनीवर १९९०मध्ये थेम्सपोर्ट हे कंटेनर बंदर उभं राहिलं. शेजारच्या, तेलावर चालणाऱ्या वीज केंद्राची २४४ मीटर उंच चिमणी २०१६मध्ये पाडण्यात आली.

भूगोलात याला औद्योगिक जडत्व म्हणतात. कारखाना जातो, पण धक्का, रूळ, नळ आणि वीजवाहिन्या मागे राहतात. पुढच्या उद्योगाला त्या आयत्या मिळतात. तेलाच्या केंद्राजवळचा उच्चदाबाचा वीजजोड पुढेही उपयोगी पडला. २०११मध्ये सुरू झालेली ‘ब्रिटनेड’ वाहिनी सुमारे २६० किलोमीटरवरून, रॉटरडॅमजवळून येऊन इथेच जमिनीवर चढते. तिची क्षमता १,००० मेगावॅट आहे. इतक्या लांब सागरी केबलमध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाची बरीचशी क्षमता केबल भारित करण्यातच खर्ची पडते, म्हणून तिच्यातून एकदिश प्रवाह नेतात.

शेजारधर्माचा सर्वांत चांगला नमुना मात्र वायू टर्मिनलवर दिसतो. जहाजाने आयात केलेला द्रवरूप वायू इथे २००५पासून उतरतो. उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केल्यावर नैसर्गिक वायूचं आकारमान सुमारे सहाशेपट घटतं, म्हणून तो जहाजातून नेणं परवडतं. पण राष्ट्रीय वाहिनीत सोडण्याआधी त्याला पुन्हा ऊब द्यावी लागते. ही ऊब मिळवायला एरवी थोडा वायू जाळावा लागला असता. ग्रेनमध्ये नव्या वायुविद्युत केंद्रातलं गरम पाणी नळाने टर्मिनलकडे येतं. एकाला नको असलेली उष्णता दुसऱ्याची गरज भागवते.

विमानतळाच्या एका बेताला मात्र यातल्याच काही सोयी अडचणीच्या ठरल्या. थेम्सच्या मुखाशी नवा विमानतळ बांधण्याची कल्पना ब्रिटनच्या विमानतळ आयोगाने २०१४मध्ये बाजूला ठेवली. खर्च प्रचंड होता, वायू टर्मिनलचा प्रश्न होता आणि भोवतीच्या चिखलपट्ट्यांवर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी उतरतात. शिवाय समोरच्या पाण्यात १९४४मध्ये बुडालेलं ‘रिचर्ड माँटगोमेरी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज सुमारे १,४०० टन स्फोटकांसह पडून आहे.

आता खरा प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे. आग्नेय इंग्लंडची जमीन हळूहळू खचते आहे आणि समुद्र वाढतो आहे. बांधापुढचं खाजण लाटांचा जोर मोडतं. पाणी वाढलं की खाजणाने मागे सरकायला हवं. पण मागे बांध उभा असल्याने ते तिथेच आकसतं. म्हणजे पक्ष्यांची जागा गेली की बांधावरचा मारा वाढतो, आणि बांधामागे टाक्या, तारा, नळ आहेत. त्यामुळे ग्रेनमध्ये खाजण राखणं हा निव्वळ पर्यावरणाचा खर्च नाही. तो उद्योगाच्या संरक्षणाचाच भाग आहे आणि त्याच खात्यात मांडला पाहिजे.