अठराव्या वर्षीचे मत

तरुणांना सार्वजनिक कामात गोडी उरलेली नाही, अशी तक्रार वडील मंडळींच्या तोंडून नेहमी ऐकू येते. आम्हांला ती अर्धीच खरी वाटते. तरुण उदासीन आहेत असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या मनात काही शंका आहेत आणि त्यांना कोणी नीट उत्तर दिलेले नाही, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. त्यांच्याशी बोलताना तीन उद्गार पुन्हा पुन्हा कानी पडतात. 'माझ्या एका मताने काय होणार?' हा पहिला. 'अडाण्याचे मत आणि शिकलेल्याचे मत सारखे कसे?' हा दुसरा. आणि 'कोणालाही निवडले तरी फरक काय?' हा तिसरा. या तिन्हींचा येथे क्रमाने विचार करू.

पहिल्या शंकेला एक तयार उत्तर आहे. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी अवघ्या एका मताने पराभूत झाले. १९९९ च्या एप्रिल महिन्यात लोकसभेत वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एकाच मताने पडले. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर असे प्रसंग विरळा. तेवढ्यावर भिस्त ठेवली तर ज्याचा उमेदवार लाखाच्या फरकाने जिंकतो वा हरतो, त्याने मत द्यावेच कशाला? खरे उत्तर निराळे आहे. दिंडीतला एक टाळ थांबला म्हणून भजन बंद पडत नाही. पण प्रत्येकानेच तसे म्हणून टाळ खाली ठेवला, तर दिंडी मुकी होते. मतदान हे एकट्याचे कर्तृत्व नव्हे, ते सर्वांनी मिळून करावयाचे काम आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे, कारण ती सुशिक्षितांच्या घरांत हळूच शिरते. इंग्रजी अमदानीत मत होते, पण ते मुख्यतः कर भरणाऱ्यांना, मालमत्ता असणाऱ्यांना व शिकलेल्यांना. बाकीची बहुसंख्य प्रजा केवळ प्रजाच होती. घटनाकारांनी ती पायरी एका झटक्यात काढून टाकली. १९५१ च्या जनगणनेत साक्षर लोक शेकडा १८ च्या आसपास होते. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नावे यादीत होती. वाचता न येणाऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. मतदाराने आपली पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, इतकेच.

त्याच वेळची एक गोष्ट आमच्या तरुण भगिनींनी विशेष लक्षात ठेवावी. उत्तरेकडील काही प्रांतांत लाखो स्त्रियांनी यादीसाठी स्वतःचे नाव सांगितलेच नाही; 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच ओळख दिली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता. पण नागरिक हा कोणाचा कोण नसून स्वतः कोणी असतो, हा धडा त्यात होता.

आता तरुणांनी स्वतःकडे पाहावे. पूर्वी मतदानाचे वय २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणले आणि २८ मार्च १९८९ पासून ही दुरुस्ती अमलात आली. अठरा वर्षांच्या मुलाला जगाचा अनुभव तो किती, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ते अगदीच खोटे ठरले नसते. तरीही देशाने परीक्षा न घेता त्याच्यावर विश्वास टाकला. असे मत हाती घेतलेल्या तरुणाने निरक्षर शेतमजुराच्या मतावर आक्षेप घेणे म्हणजे आपण बसलो ती फांदी आपणच तोडणे होय. मत हे हुशारीचे बक्षीस नाही. कायद्याचे बरेवाईट फळ ज्याला भोगावे लागते, त्याला तो कायदा करणारे निवडता यावेत, एवढाच त्याचा आधार आहे.

तिसऱ्या शंकेत निराशा आहे आणि ती निराधार नाही. २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' असे नोंदविण्याची सोय झाली. पण लोकसभा व विधानसभा निवडणुकांत त्या नोंदी सर्वांत जास्त झाल्या तरी उमेदवारांत ज्याला अधिक मते तोच निवडून येतो. तेव्हा नुसत्या नकाराने काम भागत नाही. आमच्या मते चूक वेगळ्याच ठिकाणी होते. आपण पाच वर्षांतून एक दिवस नागरिक असतो आणि उरलेले दिवस प्रेक्षक. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. किती तरुण तेथे जाऊन खर्चाचा हिशेब विचारतात? शहरात राहणाऱ्याला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या अर्जावर रस्त्याच्या कंत्राटाची कागदपत्रे मागता येतात. असा एक अर्ज नेटाने पुढे नेला, तर फरक कोठे पडतो ते कळू लागते.

आरंभ मात्र यादीपासून करावा. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख पात्रतेसाठी धरली जाई. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात, आणि सतरा पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्ज करता येतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या किंवा शिक्षणाच्या, यांपैकी एका ठिकाणी नाव ठेवता येते.

शेवटी दोन शब्द वडील मंडळींना. 'आपल्या घरची मते अमक्याला' असे मुलांना सांगू नका. मत गुप्त ठेवले आहे ते जसे सत्ताधाऱ्यापासून, तसेच घरच्या कर्त्यापासूनही. मुलाने तुमच्याशी वाद घालून वेगळे मत दिले, तर घरात फूट पडली असे समजू नका. घरात एक नागरिक वाढला असे समजा.