सुंदर साइट, पण यंत्राच्या लेखी कोरी

डोंबिवलीत घरोघरी जाऊन पन्नाशीपुढच्या बायकांना व्यायाम शिकवणारी एक प्रशिक्षक डोळ्यांसमोर आणा. तिच्याकडे प्रमाणपत्र आहे, बारा वर्षांचा अनुभव आहे, पैसे खर्चून केलेली साइटही आहे. तरी कुणाच्या मुलीनं फोनवर विचारलं, 'आईचे गुडघे दुखतात, डोंबिवली पूर्वेला घरी येऊन व्यायाम शिकवणारं कोणी आहे का?', तर एआयच्या चार ओळींच्या उत्तरात तिचं नाव येत नाही. पूर्वी शोधलं की दुव्यांची लांबच लांब यादी यायची, दुसऱ्या पानावर का होईना माणूस सापडायचा. ऑगस्ट 2024मध्ये गूगलची एआय ओव्हरव्ह्यू भारतात आली, चॅटजीपीटी आणि पर्प्लेक्सिटीला विचारणारेही वाढले. या उत्तरांत दोन-तीनच नावं मावतात. मग प्रशिक्षक घाबरतात, आणि मिळेल तो सल्ला विकत घेतात. त्यातले बरेच सल्ले गैरसमजांवर उभे आहेत.

'साइट मला दिसते, म्हणजे एआयलाही दिसते.'

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं. एआयचे क्रॉलर, म्हणजे साइटवरचा मजकूर गोळा करत फिरणारे प्रोग्राम, पानाचा देखावा बघत नाहीत, पानामागचा मजकूर उचलतात. आपल्याकडे बॅचच्या वेळा आणि फी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला केलेल्या पोस्टरमध्ये असतात, आणि तेच पोस्टर साइटवर चढवलं जातं. माणसाला सगळं कळतं. क्रॉलरच्या हाती मात्र एका चित्राचं नाव लागतं. चित्रातली अक्षरं कोणी वाचील या भरवशावर राहू नये. वेळ, फी, भाग, पात्रता हे सगळं साध्या मजकुरात टाइप केलेलं हवं.

दुसरी अडचण जावास्क्रिप्टची. काही साइटवर मजकूर आधी नसतोच, पान उघडल्यावर ब्राउझर तो तयार करतो. गूगलचा क्रॉलर हे काम करून घेतो. पण 2024च्या अखेरीस केलेल्या तपासणीत ओपनएआय (चॅटजीपीटीची कंपनी) आणि अँथ्रॉपिक या एआय कंपन्यांचे क्रॉलर जावास्क्रिप्ट चालवत नसल्याचं दिसलं. तुमच्या साइटची परीक्षा दोन मिनिटांत होते. संगणकावर पान उघडा, उजवी क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' निवडा, आणि तिथे आपलं नाव, आपला भाग, आपली फी शोधा. सापडली नाही, तर अशा क्रॉलरनाही ती सापडणार नाही.

मराठीत एक जास्तीची गोम आहे. आहाराचा तक्ता किंवा माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडून करून घेतलं असेल, तर ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असण्याची दाट शक्यता असते. श्रीलिपी, कृतिदेव हे फाँट छपाईत वर्षानुवर्षं वापरले गेले. त्यांत डोळ्यांना 'सूर्यनमस्कार' दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करून बघा. तिथे अक्षरांचा खिचडा उमटला, तर यंत्रालाही तोच खिचडा मिळतो. तो तक्ता युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्यावा. काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते मराठी साइटसाठी याहून मोलाचं काम दुसरं नाही.

'एआयला बंदी घातली की माझं लिखाण सुरक्षित, आणि शोधातही मी असेनच.'

आपली मेहनत कोणी फुकट वापरू नये असं वाटणं अगदी रास्त आहे. पण सगळे बॉट, म्हणजे हे क्रॉलर, एकाच कामाचे नसतात. ओपनएआयचा जीपीटीबॉट मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट शोधाच्या उत्तरांसाठी. पहिल्याला नकार देऊन दुसऱ्याला येऊ देता येतं. गूगलमध्येही 'गूगल-एक्स्टेंडेड' या नावानं जेमिनीच्या प्रशिक्षणाला नाही म्हणता येतं, त्यानं गूगल शोधातल्या जागेवर परिणाम होत नाही. हे सांगायची जागा म्हणजे रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही छोटी फाइल. तिची पद्धत 1994पासूनची आहे, अधिकृत मानक ती 2022मध्ये झाली. ही फाइल म्हणजे दारावरची पाटी, कुलूप नव्हे. सभ्य बॉट ती पाळतात.

साइट बनवणाऱ्यानं 'सेफ्टीसाठी' सरसकट सगळं बंद केलेलं असू शकतं. अनेक साइट ज्या सेवेमार्फत चालतात त्या क्लाउडफ्लेअरनंही जुलै 2025मध्ये नव्या साइट जोडताना एआय क्रॉलर मुळातच अडवायचं धोरण जाहीर केलं. तेव्हा आपल्या दारावर नेमकी कोणती पाटी आहे, हे साइट बनवणाऱ्याला विचारून घ्या.

'एआयसाठी खास फाइल आणि खास कोड लागतो.'

एलएलएम्स डॉट टीएक्सटी या फाइलचा प्रस्ताव जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर 2024मध्ये मांडला. कल्पना चांगली आहे, पण गूगलनं स्पष्ट सांगितलं आहे की त्याच्या एआय उत्तरांत येण्यासाठी अशी वेगळी फाइल किंवा वेगळं मार्कअप लागत नाही. ती ठेवल्यानं बिघडत काही नाही, पण तिच्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

स्कीमा मार्कअप मात्र कामाचं आहे. 2011मध्ये गूगल, बिंग आणि याहूनं मिळून ही पद्धत सुरू केली. हा माणूस, हा व्यवसाय, हा पत्ता, असं त्यातून यंत्राला नेमकं सांगता येतं. अट एकच, पानावर जे दिसतं तेच त्यात लिहायचं.

'शब्द पेरले की नाव वर येतं.'

'बेस्ट फिटनेस ट्रेनर डोंबिवली' हे एकाच पानावर चाळीसदा लिहिलेलं आपण पाहिलं आहे. प्रिन्स्टन आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी 2023मध्ये एआय शोधयंत्रांवर प्रयोग केले. त्यांत शब्दांच्या पेरणीचा जवळपास उपयोग झाला नाही. आकडे, अवतरणं, संदर्भ दिलेला मजकूर उत्तरांत जास्त दिसला. एआयकडून पन्नास लेख लिहून घेऊन टाकण्याचा मार्गही बंद होत चालला आहे. वाचकाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर घाऊक प्रमाणात टाकणं गूगलनं मार्च 2024पासून स्पॅममध्ये धरलं आहे. आणि एआयला आधीच ठाऊक असलेलं तेच तेच त्याला परत ऐकवलं, तर तो तुमचं नाव कशाला घेईल?

तुमच्याकडे जे आहे, ते त्याच्याकडे नाही. 'आम्ही तुमच्या फिटनेस प्रवासाचे सोबती' या वाक्यातून ना माणसाला काही कळतं, ना यंत्राला. त्याऐवजी असं लिहा: 'डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिलेल्या, गुडघेदुखी असलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांना मी डोंबिवली पूर्वेला घरी येऊन शिकवते. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. सुरुवात खुर्चीवरून उठ-बस करण्यापासून.' वरच्या मुलीच्या प्रश्नाला हे थेट उत्तर आहे. त्याला आधार द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशींत प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीपुढे तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस. हे लिहा, मग तुमच्या वर्गात ते कसं बसवता ते लिहा. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, कोणत्या वर्षाचं, तेही लिहा. आरोग्याच्या विषयात गूगल विश्वासार्हतेचा निकष जास्त कडक लावतं. 'पंधरा दिवसांत दहा किलो' आणि 'फक्त पोटाची चरबी घालवा' ही वाक्यं आजच काढून टाका. ती शोधातल्या जागेसाठी नाही, वाचून कोणी तसं करू पाहील म्हणून.

'मराठीत लिहून उपयोग नाही.'

उपयोग आहे. ही मॉडेलं मराठी वाचतात, आणि लोक मराठीत विचारतात. 'खाली बसून उठताना गुडघे कुरकुरतात', 'सकाळी कंबर धरते' हे शब्द तुमच्या शिष्यांच्या तोंडचे आहेत, तेच पानावर येऊ द्या. सेट, रेप्स, स्क्वॉट हे शब्द तसेच ठेवा, जिममध्ये त्यांना दुसरं कोणी काही म्हणत नाही. इंग्रजी पान हवं असेल तर ते वेगळं करा. यंत्रानं केलेलं भाषांतर न वाचता चढवू नका.

आणि साइटऐवजी नुसतं इन्स्टाग्राम पुरेसं आहे का? जुलै 2025पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलमध्ये येऊ लागल्या, पण रीलमध्ये तुम्ही जे बोलता ते खाली मजकुरात लिहिलेलं बरं. गूगल बिझनेस प्रोफाइल जरूर करा. घरोघरी जाणाऱ्यांना त्यात पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. एकटीनं काम करणाऱ्या बाईला स्वतःच्या घराचा पत्ता जगाला देण्याची गरज नाही. बिंगकडेही साइट नोंदवा, कारण चॅटजीपीटीच्या शोधात बिंगचाही वापर झालेला आहे.

एवढं केलं तरी नाव येईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तोच प्रश्न दोन फोनवर विचारला तरी उत्तरं वेगळी येतात. हमीचं पॅकेज घेण्यापेक्षा महिन्यातून एकदा तेच पाच प्रश्न स्वतः विचारा आणि उत्तरं वहीत उतरवा. नाव आलं की नाही, याच्याआधी तुमच्याबद्दल काय चुकीचं सांगितलं जातंय ते बघा. उत्तराखाली दिलेले स्रोत उघडा. कित्येकदा बंद पडलेला फोन नंबर किंवा चार वर्षांपूर्वीची फी एखाद्या विसरलेल्या जुन्या नोंदीत पडून असते. त्या नोंदीपासून दुरुस्ती सुरू करा.