परक्याचे नाव आणि जिभेचा रोजा

रमजानचा महिना ज्या सनाने मोजला जातो, त्याला हिजरी सन म्हणतात. हिजरत म्हणजे आपले गाव सोडून दुसरीकडे जाणे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) इ.स. ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला गेले. पुढे खलिफा हजरत उमर यांच्या काळात कालगणना ठरली, तेव्हा तिची सुरुवात पैगंबरांच्या जन्मापासून किंवा एखाद्या विजयापासून न धरता या स्थलांतरापासून धरली गेली. मक्केहून आलेल्यांना 'मुहाजिर' म्हणत आणि त्यांना घरात जागा देणाऱ्या मदिनेच्या लोकांना 'अन्सार', म्हणजे मदत करणारे. दोन्ही शब्द मानाचे होते. मात्र १९४७ नंतर भारतातून कराचीला गेलेल्या उर्दूभाषकांसाठी हाच 'मुहाजिर' शब्द परकेपणाची खूण होऊन बसला. धर्म एकच, शब्दही तोच. बोलणाऱ्याचा सूर तेवढा बदलला.

आपल्या मराठी मुलखातही असेच घडले आहे. 'घाटी' म्हणजे घाटावरचा माणूस, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण नगर-साताऱ्याकडून पोटासाठी मुंबईला गेलेल्या आपल्याच माणसांना तो शब्द 'अडाणी, गावंढळ' या अर्थाने ऐकावा लागला. 'भय्या' म्हणजे भाऊ. तरी फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा ज्यांना आपण भाऊ म्हणत होतो त्याच मजुरांना नाशिकहून बोचकी बांधून रेल्वे गाठावी लागली. तिकडे ब्रिटनमध्ये 'पाकी' ही शिवी देणाऱ्याने समोरचा पाकिस्तानी आहे, गुजराती हिंदू आहे की पंजाबी शीख, हे कधी विचारले नाही.

देवळाली प्रवरेच्या पंचक्रोशीला बाहेरून येणारी माणसे नवी नाहीत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले आणि त्यामागोमाग ऊस आला. ऊस वाढला तशी तो तोडणारी माणसे बीडकडून, आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-जामखेडकडून येऊ लागली. यंदाही रमजान ऊसतोडीच्या हंगामातच आला आहे. आपण सहरीला उठतो, तेव्हा फडाकडे निघालेल्या बाईने कोपीपुढे चूल पेटवलेली असते.

या माणसांची मोजदाद कशी होते? नवरा-बायको मिळून 'एक कोयता' आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. बाईची मजुरी वेगळी धरली जात नाही, ती कोयत्यातच जाते. हा धंद्यातला हिशेबाचा शब्द आहे, कुणी वाईट हेतूने तो काढला असेल असे नाही. पण कोयता आजारी पडत नाही, कोयत्याला बाळंतपण नसते, कोयत्याच्या पोराला शाळा लागत नाही. माणसाला हत्याराच्या नावाने मोजू लागलो की या गोष्टी आपल्या ध्यानातच येत नाहीत.

दुसरा शब्द 'लोंढा'. बातम्यांत आणि भाषणांत 'परप्रांतीयांचे लोंढे' सर्रास येतात. नदीकाठच्या माणसाला लोंढा म्हणजे काय ते सांगायला नको. लोंढ्याला कोणी तहानभूक विचारत नाही, त्याला बांध घालतात. फरशी बसवणारा, पीओपी करणारा, वीटभट्टीवर राबणारा असा एकेक माणूस समोर आला तर आपण त्याच्याशी दोन शब्द बोलतो. त्यांचाच 'लोंढा' झाला की फक्त भीती उरते.

भीती पसरली की काय होते, ते आपल्या जिल्ह्याने २०२० मध्ये पाहिले. दिल्लीच्या मरकजच्या बातम्यांनंतर 'कोरोना जिहाद' हा शब्द घरोघरी पोहोचला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मशिदींत उतरलेल्या २९ परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांवरून या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा बनवले गेले, असे निकालपत्रात नमूद आहे. 'अतिथी देवो भव'ची आठवणही न्यायालयाने करून दिली. दोन न्यायमूर्तींपैकी एकांना काही निरीक्षणे मान्य नव्हती, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचे एकमत होते.

आता 'बांगलादेशी' हा शब्द असाच सैल सुटला आहे. २०११ च्या जनगणनेत बंगाली मातृभाषा सांगणारे भारतीय ९ कोटी ७० लाखांच्या वर होते, मराठी सांगणाऱ्यांपेक्षाही जास्त. तरी बंगाली बोलणारा मुसलमान मजूर दिसला की शंका सुरू होते. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे भागात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार धाडले गेले. भारतीय असल्याची कागदपत्रे पुढे आल्यावर त्यांना परत आणावे लागले. बेकायदा कोण आले आहे, हे तपासणे सरकारचे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. चहाच्या टपरीवर तो निवाडा करायचा नसतो.

मुस्लिम मोहल्ल्यानेही आपल्याकडे पाहावे. रमजानमध्ये तरावीहची नमाज पढवायला अनेक गावांत यूपी-बिहारचे हाफिज येतात. त्यांना आपण 'हाफिजसाहब' म्हणतो, इफ्तारला पहिले ताट त्यांच्यापुढे ठेवतो. त्यांच्याच जिल्ह्यातून आलेला रंगारी मात्र आपल्याही तोंडी 'भय्या'च असतो.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (४९:११) एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, असा स्पष्ट आदेश आहे. त्याच सूरहमध्ये दोनच आयतींनंतर सांगितले आहे की माणसांची वेगवेगळी कुळे आणि समूह केले, ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून. खोटे बोलणे आणि तसे वागणे जो सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, या अर्थाची हदीसही प्रसिद्ध आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत वाटेत अडलेला मुसाफिर आहे, तो कुठल्या गावचा याची अट नाही.

ही शिकवण एकट्या मुसलमानांची नाही. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणसाला 'माउली' म्हणतात आणि त्या एका हाकेवर परक्याच्या ओसरीवर पाठ टेकायला जागा मिळते. आपल्या नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला पायी जाणाऱ्यांना 'साईभक्त' म्हणून पाणी देणारे हात आपलेच आहेत. त्याच रस्त्याने डोक्यावर बोचके घेऊन मजूरही चालत असतो.

रमजानचे जे दिवस उरले आहेत, त्यांत एवढे करून पाहावे. घरी, दुकानात, शेतावर जो बाहेरचा माणूस काम करतो आहे, त्याला त्याचे नाव विचारावे, गाव विचारावे आणि उद्यापासून त्या नावाने हाक मारावी. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी कोपीपर्यंत जाईल, तेव्हा ती कोणाला द्यायची हे आपल्याला ठाऊक असेल.