कागद त्यांच्याकडे, पुरावा सैनिकाने द्यायचा

जून १९६५. दक्षिण व्हिएतनाममधल्या बाँग सोन छावणीतून कॅप्टन पॅरिस डेव्हिस रातोरात बाहेर पडले. बरोबर तीन अमेरिकी सहकारी आणि जेमतेम प्रशिक्षण झालेली व्हिएतनामी सैनिकांची एक कंपनी. शत्रूच्या तळावर घातलेला छापा यशस्वी झाला, पण लगेच जोरदार प्रतिहल्ला सुरू झाला आणि लढाई जवळजवळ १९ तास चालली. तिन्ही अमेरिकी सहकारी जायबंदी होऊन वेगवेगळ्या ठिकाणी अडकून पडले. डेव्हिस यांच्या हातात ग्रेनेडचे तुकडे घुसले होते, चाप ओढायचे बोट निकामी झाले होते, म्हणून ते करंगळीने बंदूक चालवत राहिले. माघारीचा आदेश आला तेव्हा त्यांनी तो मानला नाही. आपला माणूस अजून तिथे अडकून पडला आहे, त्याला घेतल्याशिवाय निघणार नाही, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. एकेक करून त्यांनी तिघांनाही बाहेर काढले. तिघेही वाचले.

त्यांच्या कमांडरने ‘मेडल ऑफ ऑनर’ या अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकासाठी शिफारस पाठवली. ती फाइल गायब झाली. डेव्हिस यांना ‘सिल्व्हर स्टार’ मिळाला, पण मूळ शिफारशीचे काय झाले हे कोणाला सांगता येईना. १९६९ मध्ये लष्करी चौकशी झाली, कागद सापडले नाहीत म्हणून शिफारस नव्याने करायला सांगितले गेले, आणि पुढे त्या प्रयत्नाचाही माग लागला नाही. विशेष दलांमध्ये अधिकारी झालेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी डेव्हिस एक होते. त्यांच्या जुन्या साथीदारांनी यामागे वर्णभेद असल्याचे उघड बोलून दाखवले आहे. फाइल कशी हरवली याचा उलगडा मात्र झालेला नाही. शेवटी काही साथीदार आणि स्वयंसेवक यांनी जुन्या साक्षी, पत्रे, अहवाल गोळा करून शिफारस पुन्हा उभी केली. ३ मार्च २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी डेव्हिस यांच्या गळ्यात ते पदक घातले, तेव्हा डेव्हिस ८३ वर्षांचे होते. लढाई होऊन ५७ वर्षे उलटली होती.

ही कथा वाचताना आपले लक्ष स्वाभाविकपणे शौर्याकडे जाते. माझे लक्ष त्या फाइलीकडे जाते. सैनिकाच्या नोकरीत त्याच्याबद्दलचा प्रत्येक कागद दुसराच कोणीतरी लिहितो आणि दुसराच कोणीतरी सांभाळतो. तो कधी भरती झाला, कुठे लढला, कधी जखमी झाला, कोणत्या शेऱ्यासह बाहेर पडला, हे सगळे सरकारच्या कपाटात असते. पण तो कागद हरवला, जळला किंवा चुकीचा निघाला, की ‘तुझ्याकडे काय पुरावा आहे?’ हा प्रश्न सैनिकालाच विचारला जातो. नोंद दुरुस्त करून घेण्याची सगळी लढाई या एका प्रश्नाभोवती फिरते.

अमेरिकेत या दुरुस्तीसाठी कायद्याने नेमलेली मंडळे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर नोंदी सुधारून मागणाऱ्यांची रीघ लागली होती. तोवर असा माणूस आपल्या प्रतिनिधीला गाठून संसदेत स्वतःपुरते खासगी विधेयक मांडून घेत असे. १९४६ मध्ये संसदेने ही वाट बंद केली आणि प्रत्येक सेनादलासाठी नागरी सदस्यांच्या मंडळाची तरतूद केली. नोंदीतली चूक सुधारणे किंवा अन्याय दूर करणे हे मंडळाचे काम. या दोन शब्दांतला दुसरा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. कागद नियमाप्रमाणे बिनचूक असू शकतो आणि तरीही अन्याय्य असू शकतो, हे त्यात मान्य केलेले आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असा नियम आहे, पण न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ ही मुदत माफ करू शकते. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घटनांचे अर्जही तिथे येतात.

मेरी वॉकर यांचे प्रकरण तर त्याहून जुने. अमेरिकी यादवी युद्धात त्या कंत्राटी शल्यचिकित्सक होत्या. १८६४ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांना पकडून काही महिने कैदेत ठेवले. १८६५ मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. पुढे निकष कडक झाले आणि १९१७ मध्ये लष्कराने जुन्या यादीतली ९११ नावे एकदम कमी केली. त्यांत वॉकर यांचे नाव होते, कारण त्या सेनेत रीतसर भरती झालेल्या नव्हत्या. त्यांनी पदक परत दिले नाही. १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या ते छातीवर लावत राहिल्या. १९७७ मध्ये नोंद-दुरुस्ती मंडळाच्या कामातून ते पदक त्यांच्या नावावर पुन्हा चढले. आजवर हे पदक मिळालेल्या त्या एकमेव स्त्री आहेत.

पण या मंडळांपुढे जाणाऱ्याला सुरुवातीलाच एक उंच पायरी लागते. प्रशासनाने आपले काम नियमाप्रमाणेच केले असणार, असे गृहीत धरून मंडळ सुनावणीला सुरुवात करते. नोंद चुकीची आहे हे अर्जदाराने सिद्ध करायचे. एरवी या गृहीतकात गैर काही नाही, नाहीतर प्रत्येक जुना कागद रोज नव्याने तपासत बसावे लागेल. पण ज्याचा कागदच उरलेला नाही त्याने काय करायचे?

अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर सेंट लुइस शहराजवळच्या लष्करी नोंदींच्या केंद्रात सहाव्या मजल्यावर आग लागली. फायलींच्या दालनांत पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. आग पूर्ण विझल्याचे जाहीर व्हायला १६ तारीख उजाडली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या सेवा-फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या नोंदी त्यात गेल्या. हवाई दलाच्या १९४७ ते १९६४ या काळातल्या, आडनाव वर्णानुक्रमात ‘हबर्ड’च्या पुढे येणाऱ्या सुमारे ७५ टक्के सैनिकांच्या गेल्या. दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेल्या पिढ्या यात आल्या. या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, पूर्ण सूचीही नव्हती. त्यामुळे नेमके कोणाकोणाचे काय जळले हेसुद्धा आजवर पूर्ण सांगता येत नाही. आगीचे कारण कधीच निश्चित झाले नाही.

आगीतून जे वाचले ते पाण्याने भिजले होते आणि जुलैच्या उकाड्यात त्यावर बुरशी चढू लागली होती. तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी जे केले त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ओले गठ्ठे प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून मॅकडॉनेल डग्लस कंपनीच्या निर्वात कक्षात नेले गेले. हा कक्ष अवकाशातल्या परिस्थितीची चाचणी घेण्यासाठी बांधलेला होता. तिथे कागदांतले पाणी खेचून काढण्यात आले. अशा रीतीने सुमारे ६५ लाख जळक्या, अर्धवट फायली वाचल्या. आजही एखाद्या माजी सैनिकाचा अर्ज आला की तिथले तज्ज्ञ काळवंडलेल्या कडांचे कागद एकेक करून सोडवतात.

ज्यांचे काहीच उरले नाही त्यांची नोंद दुसरीकडच्या कागदांतून नव्याने जुळवावी लागते. प्रत्येक कंपनीत रोज सकाळी हजेरीचा अहवाल लिहिला जाई. कोण आला, कोण जखमी होऊन रुग्णालयात गेला, कोण बेपत्ता झाला हे त्यात असे. ते अहवाल बऱ्याच प्रमाणात शाबूत आहेत. शेवटच्या पगाराची पावती मिळते. १९८८ मध्ये युद्धकाळातल्या रुग्णालय-प्रवेशांच्या लाखो नोंदी असलेल्या संगणकीय फिती या केंद्राकडे आल्या, त्यातून कित्येकांच्या जखमा सिद्ध झाल्या. पण हे सारे शोधायला आधी सैनिकाला आपली कंपनी, ठिकाण आणि साधारण महिना आठवावा लागतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला वयाच्या विसाव्या वर्षीचा महिना विचारायचा, यातले कठोरपण शोध घेणाऱ्या अधिकाऱ्यांनाही जाणवत असणार.

काही ठिकाणी अमेरिकी कायद्याने हे ओझे हलके केले आहे. पेन्शन आणि उपचारांच्या दाव्यांत, प्रत्यक्ष लढाईत असलेल्या सैनिकाचे स्वतःचे म्हणणे त्या लढाईच्या परिस्थितीशी जुळत असेल तर अधिकृत कागद नसला तरी ते पुरावा म्हणून स्वीकारायचे, अशी तरतूद आहे. नोंद सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाली असेल तर दावा नाकारताना जास्त काळजीपूर्वक कारणे द्यावी लागतील, असे तिथल्या न्यायालयानेही १९९१ मध्ये सांगितले. २०१४ मध्ये संरक्षण विभागाने मंडळांना आणखी एक सूचना दिली. युद्धाच्या मानसिक आघाताचा आजार वैद्यकशास्त्राने १९८० मध्ये नावानिशी मान्य केला. त्याआधी व्हिएतनामहून परतलेल्या अनेकांची त्या आजारातून झालेली वर्तणूक बेशिस्त ठरली आणि ते कलंकित शेऱ्यासह बाहेर काढले गेले. त्यांच्या अर्जांकडे उदारपणे पाहा, असे मंडळांना सांगण्यात आले. पदकापेक्षा हा शेरा पुसणे कितीतरी कुटुंबांसाठी मोलाचे होते, कारण त्या शेऱ्यामुळे उपचारांचा हक्कही जात असे.

पदकांच्या बाबतीत एक साधी गोष्ट तर पुष्कळांना शेवटपर्यंत कळलीच नाही. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर लढल्याचा पायदळाचा बिल्ला ज्यांनी मिळवला, त्यांना ‘ब्राँझ स्टार’ देण्याचे धोरण १९४७ मध्ये ठरले. तोवर लाखो सैनिक घरी परतून शेतीवाडीला, कारखान्यांत लागले होते. आजोबांचे कागद चाळताना नातवंडांना हा नियम सापडतो आणि अर्ज केल्यावर पदक घरी येते, असे अजूनही घडते. शिफारशीची मुदत टळलेल्या मोठ्या पदकांसाठी १९९६ पासून संसद सदस्यामार्फत फेरविचार मागता येतो.

आता आपल्याकडे वळू. भारतात सैनिकाला नोंदींविरुद्ध दाद मागायची तर पूर्वी न्यायालयीन मार्ग मुख्यतः उच्च न्यायालयाचा होता. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. युद्धाच्या नोंदीलाही आव्हान देता येते हे २०१० मध्ये दिसले. कारगिल युद्धात बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांनी आपल्या कामगिरीचा अहवाल आणि गोपनीय शेरे अन्यायाने लिहिले गेल्याची तक्रार केली होती. न्यायाधिकरणाने ती ग्राह्य धरली आणि नोंदी सुधारण्याचे आदेश दिले. सेवेतल्या वरिष्ठाने लिहिलेला युद्धाचा वृत्तान्त एका न्यायपीठाने तपासावा, ही आपल्यासाठी नवी गोष्ट होती.

पुराव्याच्या ओझ्याबाबत मात्र मला धरमवीर सिंग खटल्याचा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सर्वांत मोठा वाटतो. सिग्नल कोअरमधल्या या जवानाला फेफऱ्याच्या आजारामुळे सेवेतून काढले आणि आजार सेवेमुळे झालेला नाही असे सांगून अपंगत्व पेन्शन नाकारली. न्यायालयाने सरळ विचारले की भरतीच्या वेळी तुम्हीच त्याची वैद्यकीय तपासणी केली, तेव्हा आजाराची नोंद नव्हती ना? नव्हती, तर तो सेवेत असताना आणि सेवेमुळे झाला असे मानायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. कागद ज्याच्याकडे, पुराव्याचा भार त्याच्याकडे, हा न्याय इथे स्पष्ट शब्दांत आला.

आपल्याकडच्या बहुतेक माजी सैनिकांची अडचण पदकाची नसतेच. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या गावांत ती अडचण नावाची आणि तारखेची असते. शाळेत गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली जन्मतारीख सेवेत एक, आधार कार्डावर दुसरी. पत्नीचे माहेरचे नाव एक आणि लग्नानंतर सासरी ठेवलेले नाव दुसरे. लग्नाची, मुलांची नोंद युनिटने ‘पार्ट टू ऑर्डर’ने करायची असते, आणि जवान सीमेवर असताना ती राहून गेलेली असते. तो हयात आहे तोवर कोणाला काही कळत नाही. तो गेला की वीस-तीस वर्षे संसार केलेल्या बाईला, ती त्याची बायको असल्याचे प्रतिज्ञापत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आली आहे. संगणकाला स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही चालत नाही, त्यामुळे पूर्वी कारकुनाच्या समजूतदारपणावर निभावून जाणारी तफावत आता उघडी पडते.

म्हणून घरात माजी सैनिक असेल तर डिस्चार्ज बुक, पेन्शन देण्याचा आदेश (पीपीओ), आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून नावे व तारखा जुळतात का ते आत्ताच पाहावे. जुळत नसतील तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते बेळगावला आहे. अर्जाची पोच जपावी. स्वतःच्या सेवेच्या कागदांच्या प्रती माहिती अधिकारातही मागता येतात. लेखी नकार आला तर न्यायाधिकरणात जाण्याची मुदत साधारण सहा महिने असते. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते. पेन्शन दर महिन्याला थकत असेल तर दावा उशिरा केला तरी चालतो, पण मागची थकबाकी बहुधा तीन वर्षांपुरतीच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा उशीर परवडणारा नाही.

जखमेची किंवा लढाईची नोंदच राहून गेली असेल तर साथीदार शोधावेत. डेव्हिस यांनी वाचवलेल्या तिघांपैकी बिली वॉ यांनी १९८१ मध्ये आपली साक्ष लेखी दिली होती, म्हणून ती पुढे कामाला आली. पदक प्रदान झाल्यावर महिन्याभराने, एप्रिल २०२३ मध्ये, वॉ वारले. १९७१ च्या युद्धात वीस वर्षांचे असलेले आपले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या बरोबर खंदकात असलेल्या माणसाचे नाव, युनिट, जागा आणि महिना त्यांच्याकडून विचारून घ्यावा. तो साथीदार हयात असेल तर त्याच्याकडून सही-तारखेसह निवेदन लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला पाठवून द्यावी.