दाव्याला उशिराची माफी नाही

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वकिली करताना पक्षकारांचा एक समज मला सतत खोडून काढावा लागतो. ‘उशीर झाला तर काय, कारण सांगितलं की कोर्ट माफ करतं.’ अपिलाच्या बाबतीत हे बरोबर आहे. 1963 च्या मुदत कायद्याचं कलम 5 सबळ कारण असेल तर अपिलाचा किंवा अर्जाचा विलंब माफ करू देतं. मूळ दाव्याला मात्र ते कलम लागूच नाही. मुदत टळलेला दावा कोर्टाला फेटाळावाच लागतो, समोरच्याने हरकत घेतली नाही तरीही.

हातउसने दिलेले पैसे बहुधा इथेच बुडतात. एक शेतकरी काका वहीचं पान घेऊन आले. 2 लाख रुपये दिल्याची नोंद, तारीख, खाली घेणाऱ्याची सही. परतफेडीचा दिवस ठरलेला नव्हता. अशा उसनवारीत 3 वर्षं मोजायची ती पैसे दिल्या दिवसापासून, शेवटच्या तगाद्यापासून नाही. काका म्हणाले, “मॅडम, तो कुठं नाही म्हणतोय? दर दिवाळीला देतो म्हणतो.” पण तोंडी वायद्याने मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस धाडली म्हणूनही ती थांबत नाही. मुदतीच्या आत त्याच पानावर ‘एवढी रक्कम देणे आहे’ असं लिहून, तारीख घालून त्याने सही केली असती, तर त्या दिवसापासून नवी 3 वर्षं मिळाली असती. थोडे पैसे फेडून तशी सहीची नोंद केली असती, तरी चाललं असतं. काकांची मुदत सरली होती. जुनं देणं मुदतबाह्य झालं तरी ते फेडण्याचं नवं लेखी, सहीचं वचन करार कायद्याच्या कलम 25 नुसार ग्राह्य ठरतं. पण तसं वचन देणं न देणं आता घेणाऱ्याच्या मर्जीवर होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

मुदत असावी, हे मला पटतं. साक्षीदार मरतात, पावत्या हरवतात, आणि कुणाच्याही डोक्यावर दाव्याची टांगती तलवार जन्मभर ठेवता येत नाही. शिवाय जो खरोखर अडला होता, त्याची कायद्याने सोय केली आहे. हक्क उत्पन्न झाला तेव्हा वारस अज्ञान असेल, तर त्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजतात. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे आणि नेटाने लढण्यात गेलेला काळ वजा होतो. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर उघडल्या दिवशी दावा चालतो. बहिणीची खोटी सही करून भावाने जमीन विकली आणि ते दडवून ठेवलं, तर फसवणूक कळल्यापासून मुदत धरतात. मात्र साधी चौकशी केली असती तर आधीच कळलं असतं, असं दिसलं तर कोर्ट ती आधीची तारीख धरतं. म्हणून सातबारा आणि फेरफार वरचेवर पाहा, असं मी माहेरच्या जमिनीत हक्क असलेल्या प्रत्येक बाईला सांगते.

अमेरिकेत पक्षकाराने कसोशीने प्रयत्न केले आणि तरीही असाधारण अडथळा आला, तर न्यायाधीश न्यायबुद्धीने मुदत थांबवू शकतात. आपल्याकडे दाव्यासाठी कायद्यातलंच कलम दाखवावं लागतं. महाराष्ट्रातल्या एका भूसंपादन प्रकरणात शेतकऱ्यांनी वाढीव मोबदल्याच्या अर्जाची 3 महिन्यांची मुदत निवाडा कळल्यापासून मोजा, अशी मागणी केली होती. कायद्यात ती निवाड्याच्या तारखेपासून होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागणी नाकारली. कायदा जाचक वाटला तरी सहानुभूतीपोटी मुदत वाढवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. कोरोनाकाळात मात्र सर्वोच्च न्यायालयानेच आपला विशेष अधिकार वापरला आणि 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सगळ्यांच्याच मुदतीतून वगळला.

अशी सूट पुन्हा मिळेल, या भरवशावर राहू नका. पैसे अडकले, साठेखत होऊनही खरेदीखत होईना, तर आधी तारीख लिहून ठेवा आणि मुदत केव्हा संपते ते वकिलाला विचारा. समोरचा नात्यातला असेल तर तोंडी वायद्यावर समाधान मानू नका, कागदावर सही घ्या. प्रामाणिक माणूस त्याने दुखावत नाही, आणि तुमच्या कष्टाचा पैसा कोर्टात उभा राहतो.